सापळा : ‘अडकला’ आणि ‘अडकवला’

(दक्षता जनजागृती सप्ताहानिमित्त अहिल्यानगर येथे शासकीय कर्मचारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



लाच घेताना एखादा कर्मचारी पकडला गेला, की दुसऱ्या दिवशी गावच्या पारावर दोन प्रकारची वाक्ये ऐकू येतात. काही जण म्हणतात, “सापळ्यात अडकला.” काही जण आवाज खाली आणून म्हणतात, “अडकवला हो बिचाऱ्याला.” मराठी क्रियापदाच्या या दोन रूपांत एका अक्षराचा फरक आहे. परंतु सापळ्यासंबंधीचा सारा कायदा, त्यावरचे न्यायालयांचे गेल्या सत्तर वर्षांतील निर्णय आणि आपल्यापैकी ज्यांना पंच म्हणून बोलावले जाते त्यांची सारी जबाबदारी या एका अक्षरात सामावलेली आहे. आज त्याविषयीच बोलण्याचे मी योजिले आहे.

विषय आपल्या जिल्ह्याला परका नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये येथील औद्योगिक विकास महामंडळाच्या एका सहायक अभियंत्यास ठेकेदाराचे थकलेले देयक मिळवून देण्यासाठी १ कोटी रुपयांची लाच स्वीकारल्याच्या आरोपावरून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या नाशिक परिक्षेत्राने पकडले, तेव्हा ती वार्ता साऱ्या देशात गाजली. आरोप खरा की खोटा हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. आपण त्यावर मत देऊ नये. मात्र त्या दिवसांत सापळ्याविषयी जी चर्चा ठिकठिकाणी चालली होती, तिच्यातील निम्मी माहिती हिंदी चित्रपटांतून आणि उरलेली इंग्रजी चित्रपटांतून आली असावी, असे वाटण्याजोगी स्थिती होती. कोणी म्हणे, पोलीस कोणाच्याही टेबलावर पैसे ठेवून त्याला पकडू शकतात. कोणी म्हणे, हाताला रंग लागला की खटला संपला. तर कोणी अधिकारवाणीने सांगे, की पोलिसांनीच गुन्हा घडवून आणला असल्यामुळे आरोपी आपोआप सुटतो. ही तिन्ही विधाने चूक आहेत.

प्रथम मूळ प्रश्नाकडे वळू. एखाद्याच्या सचोटीची परीक्षा पाहण्यासाठी त्याच्यापुढे मुद्दाम मोह ठेवावा काय? मी कायद्याचा पदवीधर नाही, कला शाखेचा आहे. म्हणून माझे लक्ष आधी जुन्या ग्रंथांकडे जाते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, पहिल्याच अधिकरणात, अमात्यांच्या शुद्धतेची पारख करण्याच्या चार युक्ती सांगितल्या आहेत. त्यांना ‘उपधा’ म्हणतात : धर्मोपधा, अर्थोपधा, कामोपधा आणि भयोपधा. अर्थोपधा म्हणजे द्रव्याचा लोभ दाखवून घेतलेली परीक्षा. गुप्तपणे माणसे पाठवायची, राजाविरुद्ध फितुरी केल्यास मोठा लाभ होईल असे सुचवायचे, आणि जो बळी पडत नाही तो शुद्ध समजायचा. ही परीक्षा झाली, तपास नव्हे. विशेष असे, की या युक्ती सांगून झाल्यावर कौटिल्य स्वतःच एक सावधगिरीची सूचना देतो. राजाने स्वतःला किंवा राणीला अशा परीक्षेचे निमित्त बनवू नये, आणि जो दूषित नाही त्याला दूषित करू नये. तसे करणे म्हणजे पाण्यात विष कालवण्यासारखे आहे, कारण एकदा बिघडलेल्या मनावर पुढे उपाय सापडेलच असे नाही. राज्यहितापुढे फारसा संकोच न बाळगणाऱ्या या ग्रंथकाराला येथे मात्र थांबावेसे वाटले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आधुनिक कायद्याने तर परीक्षेचा मार्ग मुळातच नाकारला आहे. कर्मचारी प्रामाणिक आहे की नाही हे पाहण्यासाठी सापळा लावला जात नाही. ज्याच्याविरुद्ध लाचेच्या मागणीची तक्रार आलेली आहे, त्याने चालविलेल्या कृत्याचा पुरावा हाती यावा यासाठी तो लावला जातो. गुन्ह्याची इच्छा आधी आरोपीच्या मनात होती, की ती तपास यंत्रणेने त्याच्या मनात रुजवली, हा यातील कळीचा प्रश्न होय.

आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर लगेचच आला. १९४९ साली तत्कालीन विंध्य प्रदेशाचे उद्योगमंत्री राव शिवबहादूर सिंह यांना पन्ना येथील हिऱ्याच्या खाणीच्या प्रकरणात २५ हजार रुपयांची लाच घेतल्याच्या आरोपावरून दिल्ली येथे पकडण्यात आले. या सापळ्यातील पैसे पोलिसांनी पुरविले होते आणि साक्षीदार म्हणून एका दंडाधिकाऱ्यालाच बरोबर नेले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये या दोन्ही गोष्टींबद्दल स्पष्ट नापसंती व्यक्त केली. पोलिसांनीच लाचेची रक्कम उभी करून द्यावी आणि न्यायदानाशी संबंधित अधिकाऱ्याला पोलिसांच्या छाप्यातील साक्षीदार बनवावे, हे न्यायालयाला रुचले नाही. तरीही दोषसिद्धी मात्र कायम राहिली. ‘पोलिसांनी सापळा लावला म्हणजे आरोपी सुटला’ असे मानणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५६ मध्ये, रामजनम सिंह विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी या विषयावर जे विवेचन केले, ते आजही उद्धृत केले जाते. हे बोस सर्वोच्च न्यायालयात जाण्यापूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, हे आपल्याला अगत्याने सांगण्याजोगे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की जो माणूस गुन्हा करण्यासाठी धडपडत आहे आणि तो तडीस नेण्याचा ज्याचा निश्चय झालेला आहे, त्याला उघड कृती करू देऊन पकडणे ही एक गोष्ट. ज्याने तसे करायचे नाही असे मनाशी ठरवले आहे, त्याला पुन्हापुन्हा डिवचून पापाला प्रवृत्त करणे ही अगदी वेगळी गोष्ट. माणसाच्या मनात दोष असले, तरी त्याच्या सहनशक्तीच्या पलीकडचा मोह त्याच्यापुढे जाणूनबुजून ठेवला जाऊ नये, एवढी अपेक्षा करण्याचा त्याला अधिकार आहे. आणि ज्यांच्याकडे कायद्याचे रक्षण सोपवले आहे त्यांनीच तसे करणे तर अधिकच गैर.

पुढे बसावन सिंह खटल्यात, १९५८ मध्ये, घटनापीठाने वैध सापळा आणि अवैध सापळा असा भेद मान्य केला. त्याच निकालात आणखी एक व्यावहारिक मुद्दा निकालात निघाला. सापळा पथकातील साक्षीदार गुन्ह्यातील साथीदार ठरत नाहीत. फार तर ते खटल्याच्या यशात रस असलेले साक्षीदार मानावेत, त्यांची साक्ष काळजीपूर्वक पारखावी आणि आवश्यक तेथे स्वतंत्र दुजोरा पाहावा. पंच म्हणून जाणाऱ्या कर्मचाऱ्याच्या मनातील ‘उद्या मीच गुन्ह्यात भागीदार ठरेन’ ही धास्ती यामुळे निराधार ठरते.

अमेरिकेतील चित्रपटांतून ‘पोलिसांनी फूस लावली’ हा एक ठाशीव बचाव आपल्याला परिचित झाला आहे. तेथे १९३२ सालापासून तो मान्यही आहे : सरकारी हस्तकाने निष्पाप माणसाच्या मनात गुन्ह्याची कल्पना रुजवली असेल, तर आरोपी निर्दोष सुटतो. इंग्लंडमध्ये तसा बचाव नाही. मात्र तपास यंत्रणेचे वर्तन अतिशय आक्षेपार्ह असेल तर न्यायालय खटला चालविण्यासच नकार देऊ शकते, असे तेथील सर्वोच्च अपील पीठाने २००१ मध्ये ठरविले. भारताच्या कोणत्याही संहितेत अशा बचावाचे स्वतंत्र कलम नाही. आपल्याकडे न्यायालये सापळ्याची वैधता, साक्षीदारांची विश्वासार्हता आणि शिक्षेचे प्रमाण यांचा विचार करताना हा प्रश्न तोलतात. म्हणजे सुटकेचा हमखास दरवाजा नाही, पण तपास अधिकाऱ्यालाही मोकळे रान नाही.

आता प्रत्यक्ष कार्यपद्धती पाहू. येथे थोडे रेंगाळणे आवश्यक आहे, कारण बहुतेक गैरसमज तिच्या अज्ञानातून जन्मतात.

समजा, एका शेतकऱ्याकडे फेरफार नोंदीसाठी पैशाची मागणी झाली. मागणी करणारा तलाठी असेल, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. सरपंच असेल, अनुदानित शाळेतील कर्मचारी असेल किंवा त्यांच्या वतीने बोलणारा एखादा खासगी इसम असेल. सरपंच आणि पंचायत सदस्य हेही कायद्याच्या दृष्टीने लोकसेवक आहेत, याचा काहींना सोयीस्कर विसर पडतो. शेतकरी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या कार्यालयात जातो किंवा १०६४ या निःशुल्क क्रमांकावर संपर्क साधतो. त्याच्या सांगण्यावरून लगेच नोटांना पावडर लावून कोणी धावत सुटत नाही. प्रथम पडताळणी होते. दुसऱ्या खात्यातील दोन शासकीय कर्मचाऱ्यांना पंच म्हणून बोलावले जाते. तक्रारदाराजवळ ध्वनिमुद्रण यंत्र देऊन त्याला पंचासह संबंधित कर्मचाऱ्याकडे पाठवले जाते. तेथे बोलणे काय होते, मागणी खरोखर होते का, किती रकमेची होते आणि कोणत्या कामासाठी होते, हे पाहिले जाते. त्याचा पंचनामा होतो. पडताळणीत मागणी आढळली नाही, तर पुढे सापळा लावण्यास आधार उरत नाही.

‘अडकला’ की ‘अडकवला’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक प्रकरणांत या पडताळणीतच दडलेले असते. मागणी आधी कोणाच्या तोंडून निघाली? तक्रारदार हात जोडून “साहेब, एवढे घ्या ना” असे वारंवार म्हणत होता आणि समोरचा नकार देत होता काय? की साहेबांनीच बोटे दाखवून आकडा सांगितला? तक्रारदाराला म्हणूनच बजावलेले असते, की आपण होऊन पैसे पुढे करायचे नाहीत, आग्रह करायचा नाही, मागितल्यावरच द्यायचे. हा केवळ उपचार नव्हे. ही सूचना मोडली गेली, तर वैध सापळा अवैधतेकडे झुकू लागतो.

पडताळणीनंतर सापळापूर्व पंचनामा. नोटांचे क्रमांक लिहून घेतले जातात. त्यांवर पावडर लावली जाते, आणि तिचा परिणाम पंचांना आधी दाखवला जातो. महाराष्ट्रात दीर्घकाळ अँथ्रासीन ही पावडर वापरली गेली आहे. ती साध्या उजेडात दिसत नाही, परंतु अतिनील किरणांच्या दिव्याखाली निळसर चकाकते. दुसरी फिनॉल्फ्थॅलिन. माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या शिक्षकांना तिची ओळख आहेच : धुण्याच्या सोड्याच्या पाण्याशी संबंध आला, की गुलाबी रंग उमटतो. वृत्तपत्रांतले ‘हात रंगले’ हे शीर्षक येथूनच आले. पंच क्रमांक एक हा तक्रारदाराच्या सोबत राहतो; त्याने पाहायचे आणि ऐकायचे. पंच क्रमांक दोन पथकाबरोबर दूर थांबतो. रक्कम स्वीकारली गेली, की तक्रारदार ठरलेली खूण करतो, तोंडावरून रुमाल फिरवतो किंवा डोक्यावरची टोपी काढतो, आणि पथक पुढे येते. सर्वसाधारणपणे उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी, किंवा राज्य शासनाने प्राधिकृत केलेला पोलीस निरीक्षक, अशा गुन्ह्याचा तपास करतो. लाच घेताना जागीच पकडण्याच्या कारवाईसाठी वरिष्ठांची पूर्वपरवानगी लागत नाही. खटला भरण्यासाठीची मंजुरी ही त्यानंतरची, वेगळी पायरी आहे.

एवढे झाले म्हणजे गुन्हा सिद्ध झाला काय? नाही. पावडर एवढेच सांगते, की हात नोटेला लागला. ती का लागली हे ती सांगत नाही. हस्तांदोलनातूनही ती दुसऱ्याच्या हाताला लागू शकते. खिशात कोणी नोटा कोंबल्या आणि त्या बाहेर काढताना हात लागला, तरी रंग तोच उमटतो. म्हणून केवळ रक्कम सापडली एवढ्यावरून शिक्षा होऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ आणि २०१५ मधील निकालांत निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

१५ डिसेंबर २०२२ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नीरज दत्ता खटल्यात या साऱ्या प्रश्नाचा पुन्हा ऊहापोह केला. तक्रारदार मरण पावला किंवा न्यायालयात उलटला, तर खटला बुडालाच का? घटनापीठाने उत्तर दिले : नाही, मागणी आणि स्वीकार हे इतर साक्षीदारांच्या साक्षीने किंवा परिस्थितिजन्य पुराव्यानेही सिद्ध करता येतात. परंतु ते सिद्ध व्हावेच लागतात. मग तेच प्रकरण दोन न्यायमूर्तींच्या पीठापुढे आले. तक्रारदार साक्ष देण्यापूर्वीच वारला होता. सोबत गेलेल्या साक्षीदाराच्या जबानीतून लाचेची मागणी सिद्ध होत नाही, असे ठरवून न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने मार्च २०२३ मध्ये आरोपीला दोषमुक्त केले. सापळा २००० सालातला. म्हणजे तेवीस वर्षे चाललेल्या खटल्याचा निकाल अखेर लागला तो सोबतच्या साक्षीदाराने काय ऐकले यावर.

‘मी मागितले नव्हते, त्याने आपखुशीने दिले’ असा एक बचाव चहाच्या टपरीवर फार ऐकू येतो. कायद्यात त्याला जागा नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ च्या सातव्या कलमानुसार मागून मिळवणे हा जसा गुन्हा, तसे न मागता पुढे केलेले स्वीकारणे हाही गुन्हा. तेथे आधीच्या मागणीचा पुरावा लागत नाही. नीरज दत्ता निकालात हे स्पष्ट शब्दांत आहे. मात्र देऊ करणे आणि स्वीकारणे या दोन्ही बाबी सिद्ध व्हाव्या लागतात. आणि ते देऊ करणे तक्रारदाराचे नसून तपास यंत्रणेने रचलेले असेल, तर पुन्हा न्यायमूर्ती बोस यांनी सांगितलेल्या सीमेपाशी आपण येतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर या कलमाची शिक्षा किमान ३ वर्षे व कमाल ७ वर्षे कारावास आणि दंड अशी आहे. काम आधीच झाले होते, नियमाप्रमाणेच झाले होते, किंवा पैसे मी स्वतः न घेता शेजारच्या हॉटेलवाल्याकडे ठेवायला सांगितले होते, या सबबींनीही सुटका होत नाही. हॉटेलवाल्याने जाणूनबुजून मदत केली असेल, तर तोही अडचणीत येतो.

देणाऱ्याविषयी तर फारच गोंधळ आहे. २०१८ पासून लाच देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्यासही ७ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. यामुळे तक्रार करावयास निघालेला माणूस घाबरतो. पण कायद्याने त्याच्यासाठी दोन वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. ज्याला लाच देण्यास भाग पाडले गेले, त्याने ७ दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवले तर तो दोषी ठरत नाही. आणि ज्याने आधी यंत्रणेला कळवून, तिच्या मदतीसाठी रक्कम दिली, तो तर गुन्हेगार नाहीच. सापळ्यात तक्रारदाराची जी रक्कम जप्त होते, तिची भरपाई शासन करते. हे सांगणारा माणूस गावात असता, तर बऱ्याच तक्रारी तोंडातल्या तोंडात विरल्या नसत्या.

आता साध्या वेशातील पोलिसांकडे वळतो. मटक्याच्या अड्ड्यावर पाठवला जाणारा बनावट पंटर, देहविक्रयाच्या छाप्यात जाणारा बनावट ग्राहक, गर्भलिंगनिदान करणाऱ्या केंद्रावर सहकार्य करण्यास तयार झालेली गर्भवती स्त्री, अशी या कामाची अनेक रूपे आहेत. शेजारच्या बीड जिल्ह्यात परळी येथे २०१० मध्ये सातारच्या ‘लेक लाडकी अभियान’ने केलेल्या अशाच प्रयत्नातून पुढे मोठे प्रकरण उभे राहिले, हे आपणास स्मरत असेल. या सर्व ठिकाणी तत्त्व तेच : जेथे बेकायदा व्यवहार आधीपासून चालू आहे तेथे गिऱ्हाईक म्हणून जाणे निराळे, आणि जेथे तो नाही तेथे तो सुरू करायला लावणे निराळे.

‘तू पोलीस आहेस का, असे विचारले की त्याला खरे सांगावेच लागते, खोटे बोलला तर पुढची कारवाई रद्द’ ही समजूत तर तरुण मुलांत ठाम रुतली आहे. असा कोणताही नियम आपल्याकडे नाही. जेथून ती कल्पना आली त्या अमेरिकेतही नाही. तपास चालू असताना साध्या वेशातील पोलिसावर ओळख देण्याचे बंधन नाही. मात्र अटक करण्याची वेळ आली, की चित्र पालटते. डी. के. बसू खटल्यातील १९९६ च्या निर्देशांपासून आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३६ व्या कलमानुसार, अटक करणाऱ्या अधिकाऱ्याने आपले नाव स्पष्ट दिसेल व वाचता येईल अशा रीतीने धारण केले पाहिजे. अटकेचा मेमो तयार झाला पाहिजे, त्यावर कुटुंबातील किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष हवी, आणि अटकेचे कारण सांगितले गेले पाहिजे. येथे पंचायत सदस्यांना माझी आग्रहाची विनंती आहे, की हा फरक गावात समजावून सांगावा. कारण तो ठाऊक नसल्याचा फायदा तोतये घेतात. लाचलुचपत विभागाचा अधिकारी असल्याची बतावणी करून कर्मचाऱ्यांकडून पैसे उकळणारे, दूरध्वनीच्या पडद्यावर गणवेशात बसून ‘डिजिटल अटक’ करणारे, हे सारे त्याच जातीचे. दूरध्वनीवरून अटक करण्याची कोणतीही तरतूद कायद्यात नाही.

खासगी व्यक्तीने किंवा वार्ताहराने केलेल्या छुप्या चित्रणाबद्दलही दोन शब्द. अशा चित्रणाला सरसकट संरक्षण नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रजत प्रसाद प्रकरणात सांगितले आहे : लोकहिताचा हेतू सांगितला म्हणजे ज्याने पैसे देऊन चित्रण घडवून आणले तो आपोआप निर्दोष ठरत नाही, प्रत्येक प्रकरणाच्या परिस्थितीवर ते अवलंबून राहते. येथे उपस्थित शिक्षकांनी २००७ सालची दिल्लीतील घटना आठवावी. एका वाहिनीने छुप्या चित्रणाच्या आधारे एका सरकारी शाळेतील शिक्षिकेवर अत्यंत हीन आरोप केले. संतप्त जमावाने भर रस्त्यात तिला मारहाण केली, तिचे कपडे फाडले. तपासात ते चित्रणच बनावट ठरले. दिल्ली उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली खरी, पण त्या बाईंचे जे व्हायचे ते होऊन गेले होते. तेथे ना पडताळणी होती, ना पंच, ना पंचनामा. आपल्या सापळ्याच्या पद्धतीतील ज्या सोपस्कारांना आपण कंटाळवाणे म्हणतो, ते काढून टाकले तर काय उरते, याचे हे उदाहरण आहे.

शेवटी पंचाकडे येतो. आपल्यापैकी अनेकांना हे पत्र कधीतरी येणार आहे, आणि ते आले की पहिली प्रतिक्रिया ‘माझीच का निवड झाली’ अशी असते, हे मी समजू शकतो. समोरचा माणूस ओळखीतला नसला तरी आपल्याच जिल्ह्यातला, आपल्यासारखाच नोकरदार असतो. ४८ तासांहून अधिक काळ तो कोठडीत राहिला, तर नियमानुसार तो निलंबित झाल्याचे मानले जाते. त्याच्या घरी मुले असतात. दुसरीकडे तो शेतकरी असतो, ज्याने उसने पैसे आणून विभागाच्या हाती दिलेले असतात. या दोघांमध्ये पंचाने कोणाचीही बाजू घ्यायची नाही. त्याला तपास करायचा नाही, आरोपीला प्रश्न विचारायचे नाहीत, पथकाला मदत म्हणून चार वाक्ये वाढवायची नाहीत, आणि नंतर न्यायालयात दया येऊन चार वाक्ये गाळायचीही नाहीत. कर्मचारी नको नको म्हणत होता आणि तक्रारदार आग्रह करत होता, असे दिसले असेल, तर तेही जसेच्या तसे पंचनाम्यात आले पाहिजे. ते येणे आरोपीच्या हिताचे असेल, तरीही.

ध्वनिमुद्रण आहे, मग पंचाची आवश्यकता काय, असे विचारले जाते. मुद्रण न्यायालयात मान्य होण्यासाठी प्रमाणपत्र लागते, आवाज कोणाचा याबद्दल वाद होतो, त्यासाठी आवाजाचे नमुने तपासावे लागतात. आणि यंत्राला नुसती मान हलवलेली किंवा दाखवलेली तीन बोटे ऐकू येत नाहीत. ती पंचालाच दिसतात.

म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. बोलणे शक्य तो मूळ शब्दांत लक्षात ठेवावे. ‘पैशाची मागणी केली’ हा सारांश झाला, ‘आणलेत का?’ हे शब्द झाले, आणि वर्षांनंतर वकील शब्दच विचारणार आहे. पंच क्रमांक एकने तक्रारदाराच्या इतके जवळ राहावे, की ऐकू आले पाहिजे. समोरच्याने बाहेर थांबायला सांगितले व काही ऐकू आले नाही, तर ‘ऐकू आले नाही’ असेच लिहवून घ्यावे. खटला उभा राहीपर्यंत काही वर्षे जातात. साक्षीच्या वेळी न्यायालयाच्या परवानगीने पंचनामा पाहून आठवण ताजी करता येते, त्यामुळे पाठांतराचे दडपण घेऊ नये. आणि सही करण्यापूर्वी पंचनामा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः वाचावा, चूक असेल तेथे दुरुस्ती करून घेऊन तिच्या शेजारी सही करावी. हा अधिकार पंचाचा आहे. रात्रीचे अकरा वाजलेले असतील, बाहेर परतीचे वाहन सुरू करून ठेवलेले असेल. चालकाला थोडा वेळ थांबावयास सांगावे.